जपानमधील जठराचा कर्करोग : एका वाणिज्य विद्यार्थ्याची टिपणे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने रोगाविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकेल. रोगाचे काम वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचे, आमचे काम किर्द-खतावणीचे. परंतु गेल्या वर्षी घरात असे काही घडले की, ताळेबंदाची पुस्तके बाजूला ठेवून मला काही महिने दुसरीच पुस्तके वाचावी लागली. त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे. मी डॉक्टर नाही, तेव्हा यात औषधोपचाराचा सल्ला नाही. एका प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रश्न असा पडला. माझे थोरले काका शहापुरात किराणा दुकान चालवीत. जेवणानंतर त्यांच्या पोटात आग पडू लागली. शेजारच्या कन्नड दुकानदारांना ते सांगत, "होट्टे उरी आहे हो." कानडीत 'होट्टे उरी' म्हणजे पोटाची आग आणि मत्सरही. त्यामुळे सगळे हसत आणि विचारीत, "कोणाचं बघून जळायलाय?" काकाही हसत. खायचा सोडा, जिऱ्याचे पाणी आणि औषधांच्या दुकानातून आणलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या यांवर दहा महिने गेले. मग चार घासांतच पोट भरू लागले, सदरे ढगळ झाले. शेवटी दुर्बिणीने तपासणी झाली आणि तुकडा तपासायला गेला. अहवाल आणायला मी गेलो होतो. जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पोहोचला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "हाच रुग्ण जपानमध्ये असता तर बहुधा दोन वर्षांपूर्वीच सापडला असता."

जपानच का? तेथे असे काय आहे? या एका वाक्यापासून माझे वाचन सुरू झाले.

आकडे काय सांगतात?

प्रथम आकडे पाहू, कारण तेवढा भाग आमच्या शाखेचा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२० या वर्षी जगात जठराच्या कर्करोगाचे सुमारे १० लाख ८९ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ७ लाख ६९ हजार माणसे या रोगाने मरण पावली. त्या नव्या रुग्णांपैकी सुमारे १ लाख ३८ हजार एकट्या जपानमधले होते. जगाच्या लोकसंख्येत जपानचा वाटा शंभरात दोनसुद्धा नाही, पण या रोगाच्या दर आठ नव्या रुग्णांमागे एक जपानी होता. वृद्धांची संख्या तेथे अधिक आहे म्हणून असे दिसत असेल, अशी शंका येईल. पण वयाचा फरक वजा करून दर काढला, तरी त्या वर्षी पुरुषांमध्ये जपानचाच क्रमांक जगात पहिला होता. जपानच्या जोडीला दक्षिण कोरिया, मंगोलिया आणि चीन आहेत. म्हणजे पूर्व आशिया हे या रोगाचे माहेरघरच म्हणायचे.

आता दुसरी रक्कम पाहा. त्याच २०२० साली जपानमध्ये या रोगाचे मृत्यू सुमारे ४२ हजार होते. भारतात नवे रुग्ण सुमारे ६० हजार आणि मृत्यू सुमारे ५३ हजार. आपली लोकसंख्या जपानच्या अकरा पट असूनही आपले रुग्ण त्यांच्या निम्म्याहून कमी, हे आपले सुदैव. परंतु दर शंभर नव्या रुग्णांमागे मृत्यू किती हे काढले, तर जपानमध्ये ३१ येतात आणि भारतात ८८. हा हिशेब ढोबळ आहे, हे मी जाणतो. एका वर्षी मरणारे त्याच वर्षी आजारी पडलेले नसतात, आणि आपल्याकडे कित्येक रुग्णांची नोंदही होत नाही. तरी ३१ आणि ८८ यांमधला फरक नुसत्या नोंदीच्या चुकीने भरून निघणारा नाही. जपानमध्ये हा रोग पुष्कळांना होतो, पण त्यातले पुष्कळ वाचतात. आपल्याकडे थोड्यांना होतो, आणि ते थोडेही वाचत नाहीत.

पूर्वी जपानमध्येही वाचत नसत. मित्सुबिशी उद्योगसमूहाचे संस्थापक इवासाकी यातारो यांचे नाव आम्हा वाणिज्यवाल्यांना परिचित आहे. जहाजांच्या धंद्यातली जीवघेणी स्पर्धा ऐन भरात असताना १८८५ मध्ये, वयाच्या पन्नाशीत, ते याच रोगाने गेले. उलट, ८६८ होमरनांचा विक्रम करणारे बेसबॉलपटू ओह सादाहारू यांचे जठर २००६ मध्ये याच रोगामुळे काढावे लागले, आणि पुढल्याच हंगामात ते आपल्या संघाच्या व्यवस्थापनावर पुन्हा रुजू झाले. या दोघांच्या मधल्या काळात काय घडले, तेच या लेखाचे सार आहे.

रोग एका दिवसात होत नाही

जठर ही एक स्नायूंची पिशवी. तिच्यात तीव्र आम्ल तयार होते, आणि त्या आम्लाने तिची स्वतःची भिंत जळू नये म्हणून आतून बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप असतो. या लेपाखालच्या पेशींना वर्षानुवर्षे इजा होत राहिली की सूज कायमची होते. पुढे आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी झिजू लागतात. झिजलेल्या जागी आतड्याच्या अस्तरासारख्या पेशी उगवतात. मग त्या पेशींची घडण बिघडते, आणि अखेरीस त्यांतल्या काहींचा कर्करोग होतो. या पायऱ्यांची मांडणी पेलायो कोरेआ या शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये केली. सर्वच रुग्णांत रोग या वाटेने जातो असे नाही. एक पसरट जातीचा प्रकार तरुणपणीही होतो आणि त्याची वाट निराळी असते. पण जपानमधल्या वाढीव रुग्णांचा मोठा भाग या पायऱ्यांनीच आलेला आहे.

पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत बहुधा काही दशके लागतात. यंत्राचा घसारा दरवर्षी थोडा थोडा होत असतो आणि यंत्र बंद पडते ते मात्र एखाद्या सकाळी, तसेच हे. प्रत्येकजण शेवटच्या पायरीला पोहोचतो असेही नाही. बहुतेक लोक मधल्याच पायरीवर आयुष्य काढतात. तर मग जपानी माणसाला पुढे ढकलणारे काय होते?

मिठाची गोष्ट

उत्तर जपानचा हिवाळा कडक. होन्शू बेटाच्या ईशान्येकडील आकिता, यामागाता, आओमोरी या भागांत महिनोन्महिने बर्फ असते. पूर्वी तेवढ्या काळात ताजी भाजी मिळत नसे. म्हणून शरद ऋतूत मुळा, कोबी, काकडी मिठात मुरवून पिंपे भरून ठेवीत. मासे खारवीत, माशांची अंडी खारवीत. रोजचे मिसो सूपही सोयाबीन मिठात आंबवूनच केलेले. आकितात तर मुळा आधी धुरावर टांगतात आणि मग मुरत घालतात. विसाव्या शतकाच्या मध्यास ईशान्य भागातला माणूस दिवसाला २० ग्रॅमहून अधिक मीठ खात असे. जागतिक आरोग्य संघटनेची आजची मर्यादा ५ ग्रॅमहून कमी आहे.

अति मिठाने श्लेष्म्याचा लेप खराब होतो आणि खालच्या पेशी उघड्या पडतात. खारवलेल्या माशांतून आणि मांसातून जठरात नायट्रोसो जातीची संयुगे तयार होतात, आणि ती कर्करोगाला पोषक ठरतात. त्यांना अटकाव करणारे क जीवनसत्त्व ताज्या फळभाज्यांतून मिळते, आणि नेमका त्यांचाच हिवाळ्यात तुटवडा. जपानच्या नकाशावर या रोगाचे प्रमाण पाहिले तर ईशान्येकडे आणि जपान समुद्राच्या किनाऱ्याने ते जास्त भरते, तर दक्षिणेकडील उबदार ओकिनावात सर्वांत कमी.

मग १९५० नंतरच्या दशकांत घरोघरी शीतकपाट आले. दूरचित्रवाणी संच, कपडे धुण्याचे यंत्र आणि शीतकपाट यांना त्या काळी जपानी लोक 'तीन पवित्र खजिने' म्हणत. शीतकपाटाची जाहिरात कोणी कर्करोगावरचा उपाय म्हणून केली नव्हती. पण ताजा मासा आणि ताजी भाजी बारमाही मिळू लागली, तशी मिठाच्या पिंपाची गरज ओसरली. पक्षाघात कमी व्हावा म्हणून मीठ कमी करण्याच्या मोहिमाही निघाल्या, त्यांचा लाभ जठरालाही झाला. आज जपानी माणूस दिवसाला सुमारे १० ग्रॅम मीठ खातो. पूर्वीच्या निम्मे, पण अजूनही मर्यादेच्या दुप्पट.

हा दोष जपानी रक्ताचा की जपानी ताटाचा, असेही कोणी विचारील. त्याचे उत्तर समुद्रापलीकडे मिळाले. हवाई बेटांत आणि अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या जपान्यांचा अभ्यास विल्यम हेन्झेल आणि मिनोरु कुरिहारा यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केला. जपानमध्ये जन्मून तेथे गेलेल्यांत या रोगाचे प्रमाण बरेचसे मायदेशासारखेच राहिले होते. त्यांच्या तेथेच जन्मलेल्या मुलांत मात्र ते उतरले होते. रक्त तेच, पण रोग कमी. यातून दोन गोष्टी निघाल्या. कारण मुख्यतः परिस्थितीत आहे, आणि ते बालपणीच लागू होते. आपण सीमाभागातली माणसे भाषा आणि चालीरीती पिढ्यानपिढ्या बरोबर नेतो. लहानपणी लागलेली दुखणीही तशीच बरोबर येतात, हे वाचून मी थोडा अस्वस्थ झालो.

जठरात राहणारा जंतू

बालपणी असे काय लागते, याचे उत्तर जपानमध्ये नव्हे, ऑस्ट्रेलियात सापडले. जठराच्या आम्लात कोणताही जंतू जगू शकत नाही, असे तोवर सर्वजण मानीत. पर्थ येथील रॉबिन वॉरेन यांना १९७९ पासून सुजलेल्या जठराच्या तुकड्यांत वळणदार जंतू दिसत होते. १९८२ मध्ये बॅरी मार्शल आणि ते मिळून हा जंतू प्रयोगशाळेत वाढवू पाहत होते, पण काही केल्या तो वाढेना. ईस्टरच्या सुट्टीमुळे काही बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि त्यांत तो वाढलेला दिसला. तरी कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचे पाणी स्वतः प्यायले आणि स्वतःच्या जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये या दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरिया फोडून तो स्वतःभोवती अमोनिया तयार करतो आणि त्याच्या आडोशाला आम्लात सुखाने राहतो.

१९९४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने या जंतूला कर्करोगाच्या निश्चित कारणांत घातले. जपानमधला ठोस पुरावा २००१ मध्ये आला. उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५२६ रुग्णांवर सरासरी पावणेआठ वर्षे लक्ष ठेवले. १२४६ जणांत जंतू होता, २८० जणांत नव्हता. जंतू असलेल्यांपैकी ३६ जणांना जठराचा कर्करोग झाला. जंतू नसलेल्यांपैकी एकालाही झाला नाही. हा शून्य मी पुन्हा पुन्हा पाहिला.

हा जंतू बहुधा लहानपणी, घरातल्या माणसांकडून किंवा अस्वच्छ पाण्यातून येतो, आणि औषध न घेतल्यास जन्मभर राहतो. युद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या जपानी पिढीत निम्म्याहून कितीतरी अधिक लोकांना तो होता. नळाचे शुद्ध पाणी आणि सांडपाण्याची व्यवस्था आल्यानंतर वाढलेल्या पिढ्यांत तो झपाट्याने कमी झाला. आजच्या जपानी तरुणांत तो थोड्यांकडेच आढळतो. त्यामुळे जपानमध्ये हा रोग आता वृद्ध पिढीबरोबर मागे हटत चालला आहे.

येथे एक कोडे उरते. भारतातही निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू आहे. मग आपल्याकडे रोग कमी का? त्याचे एक कारण जंतूच्या जातीत आहे. पूर्व आशियातल्या जंतूमध्ये 'कॅगए' नावाचे जे प्रथिन असते, ते जठराच्या पेशीतल्या यंत्रणेला अधिक घट्ट पकडते आणि तिची वाढ बिघडवते. भारतातल्या जंतूचे हे प्रथिन बहुधा पाश्चात्त्य धर्तीचे, तुलनेने सौम्य असते. शिवाय आहार निराळा, धूम्रपानाचे प्रमाण निराळे. तात्पर्य, जंतू एकटा पुरेसा नाही. जंतू असलेल्या शंभरांपैकी जेमतेम दोघा-तिघांना कर्करोग होतो. जंतू, मीठ, तंबाखूचा धूर आणि दीर्घ काळ अशा चार भागीदारांची ही पेढी आहे. त्यांतला जंतू हा मुख्य भागीदार, आणि तो निघाला तर पेढी बहुधा चालत नाही.

शोधून काढण्याची मोहीम

कारणे कळण्याच्या कितीतरी आधी जपानने रोग लवकर पकडण्याचे ठरवले. १९५० मध्ये तोक्योतील शल्यवैद्य उजी तात्सुरो आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते यांनी जठरात उतरवता येईल असा चिमुकला कॅमेरा तयार केला. दुसरीकडे शिराकाबे हिकोओ यांनी बेरियम आणि हवा दोन्ही वापरून क्ष-किरण चित्र काढण्याची पद्धत विकसित केली, तिच्यामुळे जठराच्या अस्तरावरची बारीक सुरकुतीही दिसू लागली. १९६२ मध्ये जपानी तज्ज्ञांनी 'प्रारंभिक कर्करोग' या शब्दाची व्याख्या पक्की केली : जो अस्तराच्या वरच्या दोन थरांपलीकडे गेलेला नाही तो. ही व्याख्या महत्त्वाची ठरली, कारण या टप्प्यावर पकडलेल्या रुग्णांपैकी शंभरात नव्वदांहून अधिक जण पाच वर्षांनंतरही जिवंत राहतात.

पण प्रारंभिक कर्करोग दुखत नाही. न दुखणारा माणूस दवाखान्यात कशाला येईल? तेव्हा दवाखानाच माणसाकडे न्यायचे ठरले. १९६० च्या सुमारास मियागी प्रांतात क्ष-किरण यंत्र बसवलेली बस खेडोपाडी फिरू लागली. सकाळी उपाशीपोटी शेतकरी रांगेत उभे राहत, पांढरे बेरियम पीत, फळीवर डावीकडे-उजवीकडे लोळत आणि कामाला जात. १९८३ पासून चाळिशीपुढच्या सर्वांसाठी ही तपासणी कायद्याने देशभर सुरू झाली. २०१६ पासून दुर्बिणीची तपासणीही सरकारी शिफारशीत आली : वय पन्नास आणि पुढे, दोन वर्षांतून एकदा. प्रारंभिक गाठ आज कित्येकदा पोट न उघडता, दुर्बिणीतूनच सोलून काढतात. हे तंत्रही जपाननेच पुढे आणले.

एवढे करूनही एक गोष्ट जपानी तज्ज्ञांना सतावीत होती. १९७० नंतर जवळजवळ चाळीस वर्षे जठराच्या कर्करोगाचे वार्षिक मृत्यू ५० हजारांच्या आसपासच राहिले. मग मोहीम फुकट गेली काय? आम्हाला वर्गात शिकवतात की, भाववाढ वजा केल्याशिवाय दोन सालांच्या रकमांची तुलना करू नये. येथे भाववाढीच्या जागी वय घ्या. त्या चाळीस वर्षांत वृद्धांची संख्या प्रचंड वाढली. वयाचा परिणाम वजा केला तर मृत्युदर सतत उतरत होता. पण एकूण आकडा खाली यायचा तर नुसता रोग पकडून भागणार नव्हते, रोगाचे मूळ काढायला हवे होते.

ते पाऊल २०१३ मध्ये पडले. त्या वर्षीच्या फेब्रुवारीपासून जठराला दीर्घ सूज असलेल्या रुग्णांना जंतू मारण्याचे औषध सरकारी आरोग्य विम्यातून मिळू लागले. दोन प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे एक औषध, सात दिवस. त्याआधी २००० पासून ही सवलत मुख्यतः व्रण असलेल्यांपुरतीच होती. २०१३ मध्ये सुमारे ४८ हजार असलेले मृत्यू २०२० मध्ये सुमारे ४२ हजारांवर आले. सारे श्रेय या एका निर्णयाला देता येणार नाही, कारण जंतू नसलेली पिढीही याच काळात प्रौढ होत होती. पण चाळीस वर्षे न हललेला आकडा हलला, हे खरे. मात्र उशिरा औषध घेतलेल्यांचा धोका शून्यावर येत नाही. झिजलेले अस्तर पूर्ववत होत नाही, म्हणून त्यांनी तपासणी चालूच ठेवावी लागते.

सांगावे की न सांगावे?

जपानच्या या कथेचा एक भाग आकड्यांत बसत नाही. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने अकिरा कुरोसावा यांचा १९५२ चा 'इकिरू' दाखवला होता. त्या नावाचा अर्थ 'जगणे'. चित्रपट सुरू होतो तोच एका जठराच्या क्ष-किरण चित्राने. वातानाबे नावाचा म्युनिसिपालिटीतला वयस्क अधिकारी दवाखान्यात बसलेला असतो. शेजारचा रुग्ण त्याला सांगतो, की जठराचा कर्करोग असला की डॉक्टर सांगतात 'किरकोळ व्रण आहे, काय हवे ते खा'. आत गेल्यावर डॉक्टर नेमके तेच सांगतात, आणि वातानाबे समजून जातो. पुढे तो उरलेले महिने लालफितीशी झगडून मुलांसाठी एक बाग उभी करतो.

ही केवळ कथा नव्हती. १९८० नंतरपर्यंतही जपानमध्ये कर्करोगाचे निदान नातेवाइकांना सांगत आणि रुग्णापासून लपवीत, हाच रिवाज होता. आज तेथे रुग्णाला सांगण्याची पद्धत रूढ झाली आहे. रोग लवकर सापडू लागला आणि वाचण्याची आशा निर्माण झाली, तसे खरे बोलणेही सोपे झाले असावे, असे मला वाटते.

अहवाल घेऊन मी घरी आलो तेव्हा काका खाटेवर टेकून बसले होते. अहवाल इंग्रजीत. काका मराठी चौथी शिकलेले. कानडी त्यांना बोलता येई, पण वाचता येत नसे. "वाचून सांग की, काय लिवलंय?" ते म्हणाले. मी स्वतः मराठी माध्यमातला. त्या कागदावरचा मुख्य शब्द मलाही डॉक्टरांनी समजावून सांगितल्यावरच कळला होता. वडिलांनी वाटेतच बजावले होते. मी कागदाकडे पाहत म्हणालो, "अल्सर आहे म्हणून लिहिलंय, काका." त्यांनी मान हलवली आणि कागद घडी करून उशाखाली ठेवला.

पुढे त्यांनी रोगाविषयी कधीच विचारले नाही. महिन्याभराने मला जवळ बसवून उधारीची वही काढली. कोणाचे किती येणे, कोण देईल, कोणाला मागू नये, हे ओळीने सांगून मला लिहायला लावले. तीन विधवांच्या खात्यांवर स्वतः रेघ मारली. अल्सर झालेला माणूस असा हिशेब पुरा करीत नाही. ते समजून चुकले होते आणि मला समजले आहे हेही त्यांना समजले होते. तरी आम्ही दोघे शेवटपर्यंत 'अल्सर'च म्हणत राहिलो. पाच महिन्यांनी ते गेले. त्यांना खरे सांगायला हवे होते काय, याचे उत्तर मला अद्याप सापडलेले नाही.

आपण यातून काय घ्यावे?

जपानसारखी सरसकट तपासणी आपल्याकडे करावी असे कोणी म्हणेल. पण जेथे रोग विरळ तेथे लाखो निरोगी लोकांना तपासण्यात पैसा आणि डॉक्टर दोन्ही वाया जातात. आपल्या देशात मुखाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी अधिक निकडीची आहे. मात्र भारतभर प्रमाण सारखे नाही. दक्षिणेत ते उत्तरेपेक्षा जास्त आहे आणि मिझोराममध्ये तर फारच जास्त, तेथे अधिक लक्ष हवेच. जंतूचे औषधही आपल्या मनाने घेण्याचे नाही. प्रतिजैविकांचा वाटेल तसा वापर झाल्याने हा जंतू त्यांना दाद देईनासा होत चालला आहे.

जपानचा खरा धडा निराळा आहे. त्यांनी पोटाच्या तक्रारीला क्षुल्लक मानणे सोडले. वयाच्या चाळिशी-पन्नाशीत नव्याने सुरू झालेली आणि दोन-तीन आठवड्यांत न थांबणारी पोटातली आग, चार घासांत भरणारे पोट, कारणाशिवाय उतरणारे वजन, वारंवार उलटी, अन्न गिळताना अडकणे, डांबरासारखा काळा शौच, रक्त कमी झाल्याने येणारा फिकटपणा यांपैकी काहीही असेल तर सोडा आणि गोळ्यांवर दिवस काढू नयेत. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी कर्करोगाची आगसुद्धा काही काळ शमते आणि तेवढा वेळ हातचा जातो. काकांचा दहा महिने तसाच गेला. दुर्बिणीची तपासणी काही मिनिटांची असते.

वाचकहो, तुमच्या घरात दुकान सांभाळणारे, शेती करणारे, पोट दुखले तरी "होईल बरं" म्हणणारे कोणी वडीलधारे असतील. त्यांच्या उशाशी आम्लपित्ताच्या गोळ्यांची पट्टी किती दिवसांपासून आहे, एवढे आज घरी जाऊन पाहा. आणि ती बरीच जुनी असेल, तर त्यांना हसू नका, घेऊन जा.